जुन्या गाडीसाठी घरच्या घरी टायमिंगची खूण

रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून जेमतेम दीड किलोमीटरवर आमचे घर आहे. पडवीलगतच्या मांडवात उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीची क्रँक पुली मी पहिल्यांदा तारेच्या ब्रशने घासली, तेव्हा गंजाचे पापुद्रे सुटून खाली पडले आणि त्यांच्याबरोबर कारखान्यात घातलेली टायमिंगची, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी कोणत्या क्षणी पडावी हे दाखवणारी खूणही गेली. वर्षानुवर्षे खारा वारा खाल्लेल्या लोखंडाचे असे व्हावे यात नवल नाही. मात्र ज्यांच्या पुलीवरची खूण शाबूत आहे त्यांनीही तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या गाडीची पुली एका इंजिनाची आणि पुढचे टायमिंग कव्हर भंगारातून आणलेल्या दुसऱ्याच इंजिनाचे, असा प्रकार सर्रास आढळतो, आणि मग खूण व तिच्यासमोरचा कव्हरवरचा स्थिर काटा, म्हणजे दर्शक, समोरासमोर आले तरी पिस्टन त्या क्षणी कोठे आहे हे कळत नाही. म्हणून पिस्टन खरोखर टॉपला, म्हणजे सिलिंडरात सर्वांत वर, केव्हा येतो ते स्वतः शोधावे, त्याप्रमाणे पुलीवर अंशांच्या खुणा कोराव्यात आणि त्यांच्यासमोर न हलणारा दर्शक बसवावा, हे बरे. उदाहरण म्हणून मी पद्मिनीचे, म्हणजे मूळच्या फियाट ११०० डीचे १०८९ सीसीचे इंजिन घेतले आहे, परंतु पुली पुढून दिसत असेल तर अँबेसेडरपासून कोणत्याही जुन्या पेट्रोल इंजिनाला हीच रीत लागू पडते.

अचूकपणाची गरज किती आहे हे आधी लक्षात घ्यावे. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडल चालत असताना क्रँकची एक फेरी ७५ मिलिसेकंदांत होते, म्हणजे दहा अंश फिरायला तिला दोन मिलिसेकंद पुरतात. ठिणगी एवढ्या फरकाने उशिरा पडली तर गाडी सुरू होते, चालतेही, पण चढणीला दम टाकते आणि तापते. लवकर पडली तर नॉकिंग (इंजिनातली खणखण) होऊन पिस्टनवर घाव बसत राहतात. प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे त्याचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश होतात, आणि म्हणूनच डिस्ट्रिब्युटर नुसत्या अंदाजाने फिरवून टायमिंग 'कानाने' लावण्याची सवय बेभरवशाची ठरते.

आमच्याकडे गावच्या मेकॅनिकांची एक जुनी युक्ती आहे. एक नंबरच्या सिलिंडरचा प्लग काढायचा, त्या भोकात माडाचा हीर (खराट्याची काडी) सोडायचा, हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचे आणि हीर वर येऊन थांबला की 'टॉप आला' म्हणायचे. युक्ती मजेशीर आहे, परंतु तिच्यात दोन दोष आहेत. पहिला असा की कोरडा हीर आत मोडला तर तो तुकडा काढण्यासाठी हेड उघडण्याची वेळ येऊ शकते. दुसरा दोष मोजमापाचा आहे. या इंजिनाचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर आहे; टॉपच्या आसपास पिस्टन जवळजवळ थबकलेला असतो आणि क्रँक टॉपपासून पाच अंश सरकली तरी तो पाव मिलिमीटरसुद्धा खाली उतरत नाही. एवढी हालचाल हिरावर किंवा स्क्रू ड्रायव्हरवर डोळ्यांना दिसणे शक्य नाही, त्यामुळे या पद्धतीने पाच-सात अंशांची चूक सहज होते. उलट पिस्टन टॉपपासून दहाएक मिलिमीटर खाली असताना तो अंशागणिक चांगलाच सरकतो. तेव्हा टॉप थेट शोधण्याऐवजी टॉपच्या अलीकडे आणि पलीकडे पिस्टनला एकाच उंचीवर अडवावे, दोन्ही जागांच्या खुणा घ्याव्यात आणि त्यांचा मध्य काढावा. तो मध्य म्हणजेच टॉप. या लेखातले सगळे काम या एका गोष्टीभोवती फिरते.

पिस्टन अडवण्यासाठी लागणारा अडसर जुन्या प्लगपासून तयार होतो. आपल्या इंजिनाला चालणारा, तेवढ्याच लांबीच्या आट्यांचा निकामी प्लग घ्यावा, व्हाइसमध्ये धरावा, वरची दुमडलेली कड हॅकसॉने कापावी आणि आतली चिनी माती ठोकून काढावी. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तिचे कण काचेसारखे उडतात. खालचा वाकडा इलेक्ट्रोडही कापून टाकावा. उरलेल्या पोकळ नळीत ८ किंवा १० मिलिमीटरचा टॅप मारून त्यात बोल्ट बसवावा. घरी टॅप नसेल तर कोणताही लेथवाला हे काम बसल्या जागी करून देतो. बोल्टचे टोक कानशीने गोल आणि गुळगुळीत करावे म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर ओरखडा उठणार नाही, आणि बोल्टच्या आट्यांवर लांबीच्या दिशेने कानशीची एक उथळ खाच पाडावी म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा त्या वाटेने निघून जाईल. ही खाच विसरली तर हवेचा दाब आणि अडसराचा स्पर्श यांतला फरक हाताला समजत नाही. बोल्ट हलू नये यासाठी वरून चेक नट लावावा.

दर्शकासाठी मी स्वयंपाकघरातून बाद झालेल्या स्टेनलेस स्टीलच्या उलथण्याची पट्टी वापरली. साधा पत्रा येथे दोन पावसाळ्यांत गंजून जातो. पितळ दिसायला छान असते, परंतु लोखंडाला लागून बसवले की खाऱ्या दमटपणात शेजारचे लोखंड अधिक वेगाने खाते. टायमिंग कव्हरच्या शक्यतो दोन बोल्टांखाली पट्टी धरली जाईल असा पुठ्ठ्याचा नमुना आधी कापून पाहावा; एकाच बोल्टखाली बसवलेली पट्टी आवळताना फिरते आणि पुढे कधीतरी पान्याचा धक्का लागून पुन्हा फिरते. पट्टीच्या जाडीमुळे बोल्टची पकड तेवढी कमी होते, तेव्हा बोल्ट आखूड वाटला तर थोडा लांब घ्यावा, मात्र तो आत कशाला टेकत नाही ना हे पाहावे. पट्टीचे टोक निमुळते घासून पुलीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणावे. त्यापेक्षा दूर ठेवले तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला की वाचन बदलते, आणि फार जवळ आणले तर फडफडणारा फॅन बेल्ट त्याला घासतो. दर्शक नेमका कोठे असावा याला मात्र बंधन नाही. टॉप आपण नंतर शोधणार आहोत आणि खुणा त्या दर्शकासमोरच पडणार आहेत. म्हणून उभ्याने सहज दिसेल आणि टायमिंग लाइटचा (प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याचा) झोत पोचेल अशी जागा निवडावी. दर्शक पक्का बसल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये.

आता प्रत्यक्ष टॉप शोधायचा. गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून जांभ्याचे तुकडे लावावेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला करावी, कारण अडसर आत असताना चुकून स्टार्टर फिरला तर पिस्टनला भोक पडण्याची शक्यता आहे. प्लगभोवतीची माती सायकलच्या पंपाने फुंकून मगच चारही प्लग काढावेत. एक नंबरच्या भोकावर अंगठा धरून इंजिन चालीच्या दिशेने फिरवले की कॉम्प्रेशनच्या वेळी हवा अंगठ्याला ढकलते. ती ढकलू लागली की थांबावे आणि अडसराचा बोल्ट बराचसा वर घेऊन प्लगच्या जागी बसवावा. मग बोल्ट थोडा थोडा आत सोडत, पिस्टन टॉपच्या आधी आठ-दहा मिलिमीटरवर अडेल अशा उंचीला चेक नट आवळावा.

इंजिन पुलीच्या नटावर पाना लावून किंवा हँडलने, पण नेहमी एका हाताच्या हलक्या जोराने फिरवावे. पिस्टन अडसराला टेकला की हाताला 'टक्' असा कोरडा, कठीण स्पर्श जाणवतो. त्याऐवजी स्प्रिंगसारखा मऊ विरोध जाणवला तर अडसर व्हॉल्व्हला लागत असल्याची शंका घ्यावी आणि तेथेच थांबावे. उलट्या दिशेने जवळजवळ पूर्ण फेरी फिरून आपण दुसऱ्या बाजूने पिस्टन टेकवतो, तेव्हा इनलेट व्हॉल्व्ह उघडलेला असतो, आणि प्लगचे भोक तिरके असलेल्या हेडमध्ये बोल्ट फार आत गेला तर ही टक्कर होऊ शकते. मनात किंचितही शंका असेल तर रॉकर कव्हर काढून एक नंबरचे दोन्ही टॅपेट ढिले करावेत म्हणजे व्हॉल्व्ह बंदच राहतील. काम संपल्यावर ते फिलर गेजने पुन्हा लावावे लागतात, एवढाच काय तो त्रास. ढिल्या झालेल्या पुशरॉड खालच्या बैठकीतून सटकत नाहीत याकडे मात्र लक्ष ठेवावे.

पिस्टन टेकलेला असताना दर्शकाच्या टोकासमोर पुलीच्या कडेवर टोकदार पेन्सिलने बारीक रेघ ओढावी. नंतर उलट दिशेने फिरवून पिस्टन पुन्हा टेकवावा आणि दुसरी रेघ ओढावी. हे सगळे तीनदा करून पाहावे. रेघा त्याच जागी आल्या नाहीत तर बोल्ट हलतो आहे, दर्शक लवतो आहे किंवा पुलीची चावी (तिला शाफ्टवर पक्की धरणारा तुकडा) झिजून पुली शाफ्टवर डुलते आहे असे समजावे. पुली डुलत असेल तर खुणांचे काम थांबवून आधी तिची दुरुस्ती करावी. उलटे फिरवल्यामुळे टायमिंग चेनच्या ढिलाईचा फरक पडेल अशी भीती येथे बाळगू नये, कारण आपण फक्त क्रँक आणि पिस्टन यांचे नाते मोजत आहोत; चेनचा प्रश्न पुढे डिस्ट्रिब्युटर लावताना येतो.

दोन रेघांमधला मध्य काढण्यासाठी कॅलिपरची गरज नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या गुळगुळीत पानाची सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी कापून ती पुलीच्या कडेवर, दोन रेघांमधल्या लहान कंसावर घट्ट बसवावी आणि बरोबर रेघांवर दोन्ही टोके कापावीत. आता ती पट्टी टोकाला टोक जुळवून दुमडली की घडी पडते तो मध्य. पट्टी उलगडून पुन्हा कडेवर ठेवावी आणि घडीसमोर पुलीवर रेघ ओढावी. ही रेघ दर्शकासमोर आली की एक नंबरचा पिस्टन टॉपला असतो, आणि चार नंबरचाही. घडी मी नखाने दाबून पाडतो, आणि तिची जाडी पेन्सिलच्या रेघेपेक्षा कमीच भरते.

अंशांसाठी त्याच कागदाची लांब पट्टी पुलीच्या कडेभोवती पूर्ण गुंडाळून परीघ मोजावा. परीघाला ३६० ने भागले की एका अंशाची लांबी मिळते. समजा परीघ ४३२ मिलिमीटर आला, तर एक अंश १.२ मिलिमीटर आणि दहा अंश १२ मिलिमीटर होतात. खुणेत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी ती अर्ध्या अंशाच्या आत राहते, आणि जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या झिजलेल्या बुशमुळे होणारी धरसोड त्याहून कितीतरी मोठी असते, तेव्हा यापेक्षा जास्त काटेकोरपणात वेळ घालवू नये. ०, ५, १०, १५ आणि २० एवढ्या खुणा पुरतात. लाइटने फुल अ‍ॅडव्हान्स (वेग वाढल्यावर ठिणगी जास्तीत जास्त किती आधी पडते ते) पाहायचा असेल तर ३० ची खूणही घालावी.

यानंतरचा टप्पा दिसायला सर्वांत सोपा आहे, आणि माझी चूक नेमकी तेथेच झाली. टॉपच्या आधीचे अंश टॉपच्या रेघेच्या कोणत्या बाजूला घालायचे? बॉनेटसमोर उभे राहून पाहिले तर हे इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. दहा अंशांची खूण दर्शकापाशी आधी पोचली पाहिजे आणि टॉपची खूण तिच्या मागून, म्हणून टॉपच्या आधीच्या सर्व खुणा पुलीवर फिरण्याच्या दिशेने पुढे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला घालाव्यात. 'आधीचे' या शब्दाने मन फसते आणि हात आपोआप मागे जातो. मी त्या मागच्या बाजूला खुणा कोरल्या, त्यांवर पांढरा रंगही भरला आणि टॉपच्या आधी दहा अंश समजून ठिणगी टॉपनंतर दहा अंशांवर नेऊन ठेवली. गाडी सुरू झाली हे विशेष. हातखंब्यापर्यंत पोचेतो मात्र तापमानाचा काटा वर चढला आणि साध्या चढणीला दुसरा गिअर टाकावा लागला. वीस अंशांचा हा घोटाळा घरी येऊन पुली हाताने फिरवून पाहिली तेव्हा अर्ध्या मिनिटात ध्यानात आला. म्हणून कानस लावण्यापूर्वी इंजिन हाताने चालीच्या दिशेने फिरवावे आणि खुणा दर्शकासमोरून २०, १५, १०, ५, ० अशा उतरत्या क्रमाने जातात याची खात्री करून घ्यावी. अंशांची पट्टी पुलीऐवजी कव्हरवर बसवणाऱ्यांसाठी हाच नियम बरोबर उलटा होतो.

दिशा पक्की झाल्यावर तिकोनी कानशीने प्रत्येक रेघेवर अर्धा मिलिमीटर खोलीची खाच पाडावी. छिन्नी-हातोडी वापरू नये. ओतीव पुली तडकते आणि पत्र्याची वाकते. टॉपची खाच पूर्ण रुंदीची आणि बाकीच्या निम्म्या ठेवल्या म्हणजे घाईत गोंधळ होत नाही. आजूबाजूचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने काढावा. आमसुलाने भांडी लखलखतात म्हणून कोकमाचे आगळ लावून पाहण्याचा मोह आमच्याकडे अनेकांना होतो, परंतु त्यात मीठ असते आणि खाचेत राहिलेले मीठ लोखंड पुन्हा खाते. कोरड्या खाचांत पांढरा एनॅमल रंग भरावा, वरचा फडक्याने पुसून घ्यावा आणि ज्या अंशावर टायमिंग लावायचे ती एकच खूण पिवळी किंवा लाल करावी. मी नेलपॉलिश वापरतो. ते पेट्रोलच्या शिंतोड्यांना फारसे टिकत नाही, पण पुन्हा लावायला दोन मिनिटे लागतात.

अडसर काढून प्लग आणि टॅपेट पूर्ववत केले की खुणांचा उपयोग सुरू होतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेला सीबी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप आधी लावावा, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडून टायमिंग पुढे जाते आणि कमी झाला की मागे येते. हा क्रम उलटा केला तर सगळे पुन्हा करावे लागते. खाऱ्या हवेत पॉइंटवर धरणारा पांढुरका थरही याच वेळी बारीक पेपरने साफ करावा. मग कॉम्प्रेशनच्या फेरीत इंजिन चालीच्या दिशेनेच फिरवत पुस्तकात दिलेली अंशांची खूण दर्शकासमोर आणावी. खूण पुढे निघून गेली तर पाव फेरी मागे जाऊन पुन्हा चालीच्या दिशेने यावे, म्हणजे चेनची ढिलाई एकाच बाजूला राहते. रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालचा फिरता तुकडा) एक नंबरच्या वायरकडे तोंड करून आहे ना हे पाहावे. तो चार नंबरकडे असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवावी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे.

आता बॅटरी जोडावी आणि डॅशबोर्डात लागतो तसा दोन-तीन वॅटचा बारा व्होल्टचा बल्ब घेऊन त्याची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या पॉइंटच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावावी. कॉइलमधून निघणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून ठेवावे, म्हणजे पेट्रोलच्या वाफांजवळ मोकळी ठिणगी उडणार नाही. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करावा आणि त्याची बॉडी रोटर फिरतो त्या दिशेला थोडी फिरवावी. पॉइंट बंद होऊन बल्ब विझतो. मग ती उलट दिशेने केसाकेसाने मागे आणावी. बल्ब ज्या क्षणी लागतो, त्या क्षणी पॉइंट उघडलेले असतात आणि ठिणगी पडण्याची तीच वेळ असते. तेथेच क्लॅम्प आवळावा, इंजिन दोन फेऱ्या फिरवून बल्ब खुणेवरच लागतो का ते पुन्हा पाहावे आणि इग्निशन लगेच बंद करावे, कारण पॉइंट बंद असताना ते चालू राहिले तर कॉइल तापते.

टायमिंग लाइट मिळाला तर त्याचा चिमटा एक नंबरच्या वायरवर लावून आयडलला खूण तपासता येते. व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची नळी असलेल्या गाडीत, पुस्तकात तसे सांगितले असेल तर, ती काढून तोंड बंद करावे. झोतात खूण एका जागी स्थिर दिसली तर उत्तम. ती दोन-तीन अंश इकडेतिकडे नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजला आहे, खूण चुकलेली नाही. अ‍ॅक्सिलरेटर वाढवल्यावर ती हळूहळू अ‍ॅडव्हान्सकडे सरकली आणि सोडल्यावर परत आली म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजने मोकळी आहेत. या झोतात फिरता पंखासुद्धा थांबल्यासारखा किंवा संथ फिरल्यासारखा भासतो. तेव्हा खांद्यावरचा पंचा, गळ्यातली चेन आणि लुंगी बाजूला ठेवूनच बॉनेटखाली वाकावे.

शेवटची परीक्षा मी साखरप्याच्या पुढे आंबा घाटात घेतो. इंजिन पूर्ण गरम असताना चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबल्यावर खणखण असा नॉकिंगचा आवाज आला, तर थांबून डिस्ट्रिब्युटर एवढाच फिरवतो की टायमिंग दोन अंशांनी मागे येईल, आणि पुन्हा चढतो. माझी गाडी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोन अंश मागे खूश आहे; तुमची कदाचित वेगळी असेल. जो अंश कायम केला तो बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवला आहे, आणि मिरगापूर्वी दरवर्षी खाचा घासून नेलपॉलिशचा नवा हात देतो.